एकाच साथीवर तीन मॉडेल्स: तुलना कोणत्या क्रमाने करायची आणि ती कुठे फसते

गुंतागुंतीच्या व्यवस्थेचं मॉडेल करायचं ठरलं की बहुतेक प्रोजेक्ट रिपोर्टांत एक ठरलेला तक्ता येतो. डावीकडे डिफरन्शियल इक्वेशन (बदलाचा दर सांगणारी समीकरणं), मध्ये स्टोकॅस्टिक (योगायोग धरणारं), उजवीकडे एजंट-बेस्ड (प्रत्येक माणूस वेगळा धरून चालवलेलं). खाली ‘वेग’, ‘वास्तवाशी जवळीक’, ‘डेटाची गरज’ अशा ओळी आणि त्यांत ‘जास्त’, ‘मध्यम’, ‘कमी’. एकही मॉडेल न चालवता हा तक्ता भरता येतो आणि बहुतेकदा तसाच भरलेला असतो. व्हायवाला परीक्षकांनी “मग तुमच्या प्रश्नाला हेच का?” एवढं विचारलं की गाडी अडते.

मॉडेल्सची तुलना करायची तर प्रश्न एक, डेटा एक, आणि दोन मॉडेल्समध्ये एका वेळी फरकही एकच, एवढं सांभाळावं लागतं. हे क्रमाने कसं करायचं ते पुढे आहे. उदाहरण संपूर्ण लेखात एकच घेतलं आहे, म्हणजे प्रत्येक आकडा तुम्हाला स्वतः पडताळून पाहता येईल.

उदाहरण असं: जानेवारी १९७८ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या मुलांच्या एका निवासी शाळेत फ्लूची साथ आली. शाळेत ७६३ मुलं. २२ जानेवारी ते ४ फेब्रुवारी या चौदा दिवसांत रोज अंथरुणात असलेली मुलं अशी: ३, ८, २६, ७६, २२५, २९८, २५८, २३३, १८९, १२८, ६८, २९, १४, ४. एकूण ५१२ मुलांनी कधी ना कधी अंथरूण धरलं. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या ४ मार्च १९७८ च्या अंकात ही माहिती आली होती. ‘आर’ ही आकडेमोडीची संगणक-भाषा वापरत असाल तर ‘आउटब्रेक्स’ नावाच्या पॅकेजात ती तयार मिळते.

## १. प्रश्न एका वाक्यात लिहा, मगच मॉडेलचं नाव घ्या

“शाळेतल्या साथीचा अभ्यास” हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्नात एक संख्या किंवा एक होय-नाही असायला हवं. या उदाहरणात निदान चार वेगवेगळे प्रश्न निघतात:

- सगळ्यात वाईट दिवशी किती खाटा लागतील?
- बाहेरून एक आजारी मुलगा आला तर साथ पेटेल की आपोआप विझेल?
- शेवटी एकूण किती मुलांना लागण होईल?
- आजारी मुलाला त्याच्या खोलीतून लगेच हलवलं तर काय फरक पडेल?

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला साधी समीकरणं बहुतेकदा पुरतात. दुसऱ्याला ती पुरत नाहीत, कारण समीकरणांत योगायोगाला जागाच नसते. तिथे स्टोकॅस्टिक मॉडेल लागतं. चौथ्यात लोक लगेच एजंट-बेस्डकडे धावतात. पण सगळ्यांना सारखंच हलवायचं असेल तर ते समीकरणांतही बसतं, आजारी मुलाचा मिसळण्याचा काळ कमी केला की झालं. ‘कोणाला’ हलवायचं हे त्याच्या खोलीवर, वर्गावर, मित्रांवर अवलंबून असेल तेव्हाच एजंट लागतात.

प्रश्न खाटांच्या संख्येचा नसून एका परिचारिकेपुढे लागणाऱ्या रांगेचा असेल, तर या तिघांऐवजी डिस्क्रीट-इव्हेंट सिम्युलेशन (एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर जाणारं) घ्या. आणि ‘अमुक एक गोष्ट कधीच घडता कामा नये’ असा प्रश्न असेल, उदाहरणार्थ एकाच रुळावर समोरासमोर दोन गाड्यांना हिरवा सिग्नल, तर सिम्युलेशन कितीही वेळा चालवलं तरी खात्री मिळत नाही. तिथे पेट्री नेट किंवा मॉडेल चेकिंगसारखी, शक्य असलेली प्रत्येक अवस्था तपासणारी पद्धत लागते. ते घराणंच वेगळं आहे, या लेखात ते बाजूला ठेवतो.

तपासणी: तुमचं वाक्य मित्राला वाचून दाखवा. “उत्तर कोणत्या एककात येणार?” याचं उत्तर त्याला सांगता आलं नाही तर वाक्य पुन्हा लिहा.

## २. डेटा नेमका कशाचा आहे ते ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरने निस्तरता येत नाहीत.

वरच्या चौदा आकड्यांची बेरीज करा. १,५५९ येते. शाळेत मुलंच ७६३. म्हणजे ही बेरीज रुग्णांची नव्हे. रोजचा आकडा त्या दिवशी अंथरुणात असलेल्यांचा आहे, नव्याने आजारी पडलेल्यांचा नाही. एकच मुलगा तीन-चार दिवस मोजला गेला आहे. १,५५९ ला ५१२ ने भागा: ३.०४. प्रत्येक मुलगा सरासरी तीन दिवस अंथरुणात होता. कागद-पेन्सिलीने काढलेला हा आकडा पुढे प्रत्येक मॉडेलला विचारायचा आहे.

आणखी दोन गोष्टी. पहिली, याच साथीचे आकडे ठिकठिकाणी थोडे वेगळे दिसतात, कारण ते छापील आलेखावरून वाचून उतरवलेले आहेत. कुठे शिखर २९८ आहे, कुठे २९० च्या आसपास. तुलनेतल्या सगळ्या मॉडेल्सना एकच यादी द्या आणि कोणती दिली ते लिहून ठेवा. दुसरी, अंथरुणातून उठलेल्या पण अजून वर्गात न गेलेल्या मुलांचा वेगळा रकानाही या डेटात आहे. बहुतेक जण तो वगळतात. वगळा हवं तर, पण वगळला असं लिहा.

सावधान: आकडे साचवून, म्हणजे आजपर्यंतची एकूण बेरीज करून, त्यावर मॉडेल बसवू नका. साचवलेली रेषा नेहमी वरच जाते, त्यामुळे सामान्य मॉडेलही देखणं दिसतं. शिवाय एका दिवसाची चूक पुढच्या सगळ्या दिवसांत उतरते आणि अनिश्चितता आहे त्यापेक्षा कमी भासते.

## ३. गृहीतकांची वही उघडा

प्रत्येक मॉडेलला एक पान. पानावर पाच गोष्टी: कोण कोणाला भेटतं, वेळ कसा मोजला आहे, आजाराचा काळ सगळ्यांचा सारखा की वेगवेगळा, सुरुवातीला कोण आजारी होतं, आणि डेटातला आकडा मॉडेलमधल्या कोणत्या कप्प्याशी जोडला आहे.

पाचवी गोष्ट जवळजवळ कोणीच लिहीत नाही. एसआयआर या समीकरणांच्या मॉडेलमध्ये तीन कप्पे असतात: लागण होऊ शकणारे, बाधित आणि बरे झालेले. लोक सरळ ‘अंथरुणात = बाधित’ असं जोडून मोकळे होतात. पण अंथरुणात पडलेला मुलगा इतरांत मिसळत नाही, आणि मिसळणारा, संसर्ग पसरवणारा मुलगा कदाचित अजून आजारी दिसतही नसतो. हे जोडणं चुकीचंच आहे असं नाही. ते एक गृहीतक आहे आणि वहीत नोंदवायला हवं.

## ४. आधी सगळ्यात साधं मॉडेल, तेही हाताने

एजंट-बेस्ड मॉडेलने सुरुवात करू नका. नेटलोगो या एजंट-बेस्ड सॉफ्टवेअरच्या पडद्यावर रंगीत ठिपके पळायला लागले की काम झाल्यासारखं वाटतं, पण त्या ठिपक्यांची बरोबरी कशाशी करायची हे ठरलेलं नसतं.

एसआयआरला दोनच पॅरामीटर लागतात. बीटा म्हणजे एक बाधित मुलगा दिवसाला किती जणांना लागण देऊ शकतो, आणि गॅमा म्हणजे बरं होण्याचा दर. या शाळेच्या डेटावर ते बसवले की बीटा सुमारे १.६६ आणि गॅमा सुमारे ०.४४ येतो. भागाकार ३.८ च्या आसपास; हा आर-नॉट, म्हणजे सुरुवातीला एक बाधित मुलगा सरासरी जितक्या जणांना लागण देतो ती संख्या. कोविडच्या काळात हा शब्द सगळ्यांनी ऐकला आहे.

आता कॉम्प्युटर बंद करून चार गोष्टी काढा.

सुरुवातीची वाढ. १.६६ वजा ०.४४, म्हणजे १.२२. अगदी सुरुवातीला मॉडेल दिवसाला ३.४ पट वाढतं. डेटात ३ वरून ८, २६, ७६, २२५, म्हणजे दिवसाला साधारण तिप्पट. लागण होऊ शकणारी मुलं कमी होत जातात तसा वेग उतरतो, हे धरलं तर चालण्यासारखं.

शिखर. एसआयआरसाठी एक सोपं सूत्र आहे: एकाला आर-नॉटचा नैसर्गिक लॉगरिदम मिळवा, बेरजेला आर-नॉटने भागा, ते एकातून वजा करा आणि एकूण संख्येने गुणा. उत्तर येतं सुमारे २९३. डेटात २९८.

एकूण लागण. आर-नॉट ३.८ असेल तर साथ संपेपर्यंत जवळपास ९७ टक्के मुलांना, म्हणजे ७४० हून अधिक जणांना लागण होते. डेटात अंथरूण धरलेली मुलं ५१२.

आजाराचा काळ. १ भागिले ०.४४, म्हणजे २.३ दिवस. कागदावर काढलेला आकडा ३.०४.

पहिले दोन आकडे छान जुळले, दुसऱ्या दोघांनी हात दाखवला. नुसता आलेख पाहिला असता तर वक्ररेषा ठिपक्यांवरून सुरेख जाताना दिसली असती आणि इथेच समाधान झालं असतं. ७४० आणि ५१२ मधल्या फरकाचा अर्थ दोनपैकी एक: एकतर बरीच मुलं बाधित होऊनही अंथरुणाला लागली नाहीत, किंवा ‘अंथरुणात = बाधित’ हे जोडणंच बरोबर नाही. पुढचं मॉडेल कशासाठी घ्यायचं याचं ठोस कारण आता मिळालं.

सावधान: एक्सेलमध्ये एका दिवसाचं पाऊल घेऊन हे चालवू नका. दिवसाला १.२२ दराने सलग वाढ झाली तर ३.४ पट होते. पण आजच्या आकड्यात त्याच्या १.२२ पट मिळवून उद्याचा काढला तर २.२ पटच होते. ही चूक मॉडेलची नाही, पावलाची आहे. पाऊल दिवसाच्या शंभराव्या भागाएवढं करा, किंवा आरमधलं डीसॉल्व्ह नाहीतर पायथनच्या सायपायमधला सॉल्व्हर वापरा. पाऊल निम्मं करून पुन्हा चालवा; उत्तर हललं नाही तरच पुढे जा.

## ५. दुसरं मॉडेल आधी पहिल्यासारखंच वागवा

सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी हीच. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचीही हीच.

एजंट-बेस्ड मॉडेल बांधलं, त्यात खोल्या, वर्ग, मैदान, मैत्री सगळं घातलं, चालवलं, आणि उत्तर समीकरणांपेक्षा वेगळं आलं. कशामुळे? खोल्यांमुळे? योगायोगामुळे? वेळेच्या पावलामुळे? कोडमधल्या चुकीमुळे? सांगता येत नाही. म्हणून आधी एजंट-बेस्ड मॉडेलमधून सगळी सजावट काढून टाका. ७६३ एजंट, सगळे सगळ्यांना सारखेच भेटतात, बीटा आणि गॅमा तेच. आता ते समीकरणांच्या जवळ जायलाच हवं. गेलं नाही तर चूक शोधा. खोल्या नंतर.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे दराला शक्यता समजणं. गॅमा ०.४४ आहे म्हणून “रोज ०.४४ शक्यतेने बरा होतो” असं कोडमध्ये लिहिलं जातं. ०.४४ हा सलग दर आहे. एका दिवसात बरं होण्याची शक्यता १ − ई^(−०.४४), म्हणजे ०.३५६. लागणीचंही तसंच: एका पावलात एका निरोगी मुलाला लागण होण्याची शक्यता १ − ई^(−बीटा × बाधित ÷ एकूण × पाऊल). पाऊल एक दिवसाचं ठेवलं तर हे सूत्र वापरूनही उत्तर सरकतं, कारण दिवसभरात नव्याने बाधित झालेली मुलं त्या दिवशी कोणालाच लागण देत नाहीत. पाऊल तासाचं करा.

तपासणी: सजावट काढलेलं एजंट-बेस्ड मॉडेल एका बाधित मुलापासून हजार वेळा चालवा. साथ पेटली अशा धावांमध्ये शिखर सरासरी २९० च्या घरात येतं का? साधारण चौथ्या हिश्श्याच्या धावांत साथ सुरुवातीलाच विझते का? दोन्ही ‘हो’ असेल तर कोडवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

चौथा हिस्सा कुठून आला? आजाराचा काळ एक्स्पोनेन्शियल (बहुतेकांचा छोटा, थोड्यांचा बराच लांब) धरला तर एका रुग्णापासूनची साथ विझण्याची शक्यता १ भागिले आर-नॉट असते, इथे सुमारे ०.२६. तीन रुग्णांपासून सुरुवात केली तर ०.२६ चा घन, दोन टक्क्यांच्याही आत. समीकरणांना हे दिसतच नाही. आर-नॉट एकापेक्षा जास्त असला की त्यांच्या लेखी साथ पेटणारच. दुसऱ्या क्रमांकाच्या प्रश्नाला समीकरणं का चालत नाहीत ते इथे आकड्यात दिसतं. आणि सुरुवातीला एक मुलगा धरला की तीन, हा तपशील वहीत का हवा तेही.

हजार धावा का? शंभर धावांत ०.२६ हा आकडा नुसत्या योगायोगाने चार-साडेचार टक्क्यांनी इकडे-तिकडे होतो. हजारात दीड टक्क्याच्या आत. दहा धावांची सरासरी देऊन ‘स्टोकॅस्टिक मॉडेल’ म्हणणारे रिपोर्ट अजूनही येतात.

## ६. आता एका वेळी एकच गोष्ट बदला

मॉडेल जुळलं की मग फरक घाला, पण एकेक करून. प्रत्येक बदलानंतर चौथ्या पायरीतले चारही आकडे पुन्हा काढा आणि विझण्याची शक्यताही.

पहिला बदल: आजाराच्या काळाचा आकार. सरासरी २.३ दिवस तीच ठेवा, फक्त प्रत्येक मुलाचा काळ नेमका तेवढाच करा. साथ विझण्याची शक्यता २६ टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर येते. सरासरी तीच, आर-नॉट तोच, भेटीगाठीही त्याच. एजंट-बेस्ड आणि समीकरणं यांच्यातला फरक म्हणून जे बऱ्याचदा सांगितलं जातं ते निव्वळ या आकाराचं असतं. आणि समीकरणांतही हा आकार बदलता येतो: बाधितांच्या एका कप्प्याऐवजी एकामागोमाग चार-पाच कप्पे ठेवा. “हे फक्त एजंट-बेस्डमध्येच जमतं” असं लिहिण्याआधी हे करून बघा.

दुसरा बदल: सुप्त काळ. लागण झाल्यावर सरासरी एक दिवस मुलगा संसर्ग देत नाही असं धरा, म्हणजे मॉडेल एसईआयआर झालं. सुरुवातीच्या वाढीचा वेग डेटाने ठरवून दिलेला आहे, तो १.२२ च ठेवायचा. मग आर-नॉट (१ + १.२२) × (१ + १.२२ ÷ ०.४४), म्हणजे ८.४ च्या आसपास निघतो. एसआयआरने ३.८ सांगितला होता. वाढीचा वेग तोच, आणि आर-नॉट दुपटीहून जास्त! म्हणून दोन लेखांतले आर-नॉट समोरासमोर ठेवण्याआधी दोघांनी कोणते कप्पे धरले होते ते पाहायचं असतं.

तिसरा बदल: खोल्या किंवा वसतिगृहाचे विभाग. इथे एक सापळा आहे. मुलाला खोलीतले मित्र दिले आणि जुन्या भेटी तशाच ठेवल्या, तर एकूण भेटी वाढतात आणि साथ जोरात येते. मग “नेटवर्कमुळे साथ वाढते” असा निष्कर्ष लिहिला जातो. खरं तर तुम्ही भेटीच वाढवल्या. खोलीतल्या भेटी जितक्या घालाल तितक्या बाहेरच्या कमी करा. एकूण तेवढीच राहिली पाहिजे. तेव्हा कुठे रचनेचा स्वतःचा परिणाम दिसतो.

तपासणी: बदल उलटा फिरवून पाहा. खोल्यांचा परिणाम शून्यावर आणला की पाचव्या पायरीचंच उत्तर परत यायला हवं. येत नसेल तर वाटेत आणखी काहीतरी बदललं आहे.

## ७. मोजपट्टी आधी ठरवा, निकाल नंतर बघा

कोणत्या मापाने तुलना करायची ते मॉडेल चालवण्याआधी लिहा. माप पहिल्या पायरीतल्या प्रश्नातून येतं. प्रश्न खाटांचा असेल तर शिखराच्या उंचीतली चूक. साथ पेटण्याचा असेल तर पेटण्याची शक्यता. चौदा दिवसांच्या चुकांच्या वर्गांची (स्क्वेअर्सची) बेरीज हे सोयीचं माप आहे, पण खाटा मोजणाऱ्याला शेवटच्या तीन दिवसांशी देणंघेणं नसतं.

स्टोकॅस्टिक धावांची सरासरी काढून ती समीकरणांच्या रेषेशेजारी ठेवू नका. एका धावेत साथ चौथ्या दिवशी जोर धरते, दुसरीत सातव्या, काहींत धरतच नाही. सरासरीत शिखर बुटकं आणि पसरट होतं. असं शिखर एकाही धावेत नसतं. विझलेल्या धावा वेगळ्या मोजा. उरलेल्या धावांतल्या शिखरांची यादी करा, मधला आकडा आणि दोन्ही टोकांचे पाच टक्के द्या.

याच मुद्द्याशी आणखी एक गोष्ट चिकटलेली आहे. आपल्यासमोर डेटा आहे कारण साथ पेटली. जिथे एक मुलगा शिंकला आणि प्रकरण तिथेच संपलं, तिथल्या शाळेचे आकडे कोणी छापत नाही. म्हणून डेटाशी तुलना करताना पेटलेल्या धावाच घ्यायच्या. सगळ्या घेतल्या तर मॉडेल विनाकारण नापास होतं.

एआयसीसारखे (मॉडेल किती जुळतं आणि त्यात पॅरामीटर किती, दोन्ही धरून गुण देणारे) निकष वापरायचे तर दोन्ही मॉडेल्सना तोच डेटा आणि चूक मोजण्याचं तेच गणित हवं. एकाला रोजचे आकडे आणि दुसऱ्याला साचवलेले देऊन काढलेले एआयसी शेजारी ठेवणं निरर्थक.

आणि तुलनेत एक मुद्दाम मठ्ठ मॉडेल ठेवा: “उद्या आजच्याइतकेच”. पहिले सात दिवस देऊन पुढच्या सात दिवसांचं भाकीत करायला सांगा. तुमचं दहा पॅरामीटरवालं मॉडेल या मठ्ठाला हरवत नसेल तर ते कळायला हवं.

सावधान: फिट बसलं म्हणजे कारण सापडलं असं नाही. याचा नमुना आपल्या मुंबईचाच आहे. एसआयआरचा पाया घालणारा केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांचा निबंध १९२७ चा. त्यात त्यांनी मुंबईत डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मध्ये प्लेगने दर आठवड्याला झालेल्या मृत्यूंवर आपली वक्ररेषा बसवून दाखवली, आणि ती डोळ्यांत भरावी इतकी नेमकी बसली. पण तो प्लेग उंदीर आणि पिसवांमार्फत माणसाला होणारा. मॉडेलमध्ये ना उंदीर, ना पिसवा, ना ऋतू. माणसांतला प्लेग हा उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे आणि आपली गृहीतकं काटेकोर पाळली जात नाहीत, हे त्या दोघांनीच लिहून ठेवलं आहे. नंतर आलेख उचलणाऱ्यांनी ती ओळ उचलली नाही. लागण होऊ शकणारे संपले म्हणून साथ ओसरली असं ते मॉडेल सांगतं, पण मुंबईत प्लेग उन्हाळ्याच्या तोंडाशी ओसरून पुढच्या वर्षी पुन्हा यायचा. एकाच हंगामाचे आकडे पाहिले तर हा दोष पकडता येत नाही. दुसऱ्या वर्षाचे आकडे शेजारी ठेवले की लगेच दिसतो.

म्हणून जो आकडा मॉडेल बसवताना वापरलेला नाही असा एक तरी बाजूला ठेवा. शाळेच्या उदाहरणात ५१२ आणि ३.०४ हे ते आकडे.

## ८. पॅरामीटर डेटातून खरोखर ठरतात का?

चौदा आकडे आहेत. त्यांतून दोन पॅरामीटर ठरतात, तीनही कदाचित. खोलीतला संसर्ग, वर्गातला संसर्ग, जेवणघरातला संसर्ग, सुप्त काळ आणि लक्षणं न दिसणाऱ्यांचं प्रमाण असे सगळे मिळून ठरत नाहीत. कारण साधं आहे: कोणता मुलगा कोणत्या खोलीतला ते या यादीत नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. एक पॅरामीटर मुद्दाम चुकीच्या किमतीवर अडकवा, बाकीचे मोकळे सोडून पुन्हा बसवा आणि एकूण चूक किती वाढली ते बघा. असं दहा-बारा किमतींवर करा. चूक दरीसारखी खाली जाऊन वर येत असेल तर पॅरामीटर ठरतो. रेषा सपाट राहिली तर तो ठरत नाही, बाकीचे पॅरामीटर त्याची भरपाई करतात. सपाट पॅरामीटर आढळला की दोन मार्ग: त्याची किंमत बाहेरच्या अभ्यासातून घ्या, नाहीतर तो काढून टाका. संगणकाने दिलेली ‘सर्वोत्तम’ किंमत तीन दशांशांपर्यंत छापणं हा तिसरा मार्ग नव्हे.

या शाळेपुरतं माझं मत स्पष्ट आहे. हाताशी एवढाच डेटा असेल तर खाटांच्या प्रश्नाला समीकरणं घ्या, अंथरुणाचा कप्पा बाधितांपासून वेगळा करून. साथ पेटण्याच्या प्रश्नाला तेच कप्पे ठेवून गिलेस्पीच्या पद्धतीने (पुढची घटना कधी आणि कोणती हे दरवेळी योगायोगाने ठरवत) स्टोकॅस्टिक चालवा. खोल्यांसकट एजंट-बेस्ड मॉडेल ‘असं झालं तर काय’ हे पाहण्यापुरतं चालेल, पण ते या डेटाने सिद्ध झालं असं लिहिता येणार नाही. मुलागणिक खोलीची नोंद मिळाली तर माझं मत लगेच बदलेल.

## ९. तुलना लिहून काढताना

तक्ता द्यायचाच असेल तर रकान्यांत ‘जास्त-मध्यम-कमी’ नको. पहिल्या रकान्यात मॉडेल, दुसऱ्यात आधीच्या मॉडेलपेक्षा त्यात नेमकी कोणती एक गोष्ट बदलली, पुढे शिखर, एकूण लागण, आजाराचे दिवस, विझण्याची शक्यता आणि ठरवता आलेल्या पॅरामीटरांची संख्या. डेटातले आकडे सगळ्यात वरच्या ओळीत. मॉडेल ज्या प्रश्नाला उत्तरच देऊ शकत नाही तिथे शून्य लिहू नका, ‘लागू नाही’ लिहा; समीकरणांच्या ओळीत विझण्याच्या शक्यतेपुढे हेच येईल.

एजंट-बेस्ड मॉडेलचं वर्णन मनाला येईल त्या क्रमाने करू नका. त्यासाठी २००६ पासून ओडीडी नावाचा ठरलेला साचा वापरात आहे: आधी हेतू, मग एजंट आणि त्यांचे गुण, मग एका पावलात काय काय कोणत्या क्रमाने घडतं, मग बाकीचे तपशील. क्रमाचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण एका पावलात आधी लागण आणि मग बरं होणं, की आधी बरं होणं आणि मग लागण, यावर पाऊल मोठं असताना उत्तर बदलतं.

रँडम सीड (तेच यादृच्छिक आकडे पुन्हा मिळवून देणारी सुरुवातीची संख्या), सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि पावलाची लांबी परिशिष्टात द्या. डेटाची यादी मात्र लिंकवर न सोडता जशीच्या तशी छापा. चौदाच आकडे आहेत, एका ओळीत मावतात.